रात्री घासून गेलेल्या महोदयांस

प्रति,
मा. अज्ञात वाहनचालक,
मुक्काम : ठाऊक नाही.

विषय : वाटूर फाट्यावर रात्री उभ्या असलेल्या मोटारीस पडलेला पोचा आणि त्यानिमित्त आपणांस आपल्याच विम्याची ओळख करून देण्याबाबत.

महोदय,

जालना जिल्ह्याच्या परतूर तालुक्यातील वाटूर येथे जालन्याहून मंठा-जिंतूरकडे जाणारा मार्ग आणि शेगाव-पंढरपूर दिंडी मार्ग एकत्र येतात. त्यामुळे कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या ट्रॉल्या, जिनिंगकडे निघालेला कापूस, जालन्याच्या पोलाद कारखान्यांत भरलेली सळई आणि रात्रीच्या खासगी बसगाड्या यांचा ओघ फाट्यावर अपरात्रीही आटत नाही. अशा ठिकाणी रस्त्याकडेला लावलेली मोटार सकाळी मागचा दरवाजा चेपलेला, बंपर एका बाजूने सुटलेला आणि आरशाच्या खोबणीत उसाचे पाचट अडकलेले अशा अवस्थेत सापडते, तेव्हा पंचनाम्यात, म्हणजे पोलिसांनी पंचांसमक्ष जागेवर लिहिलेल्या वृत्तान्तात, सारे श्रेय ‘अज्ञात वाहना’ला दिले जाते आणि ते वाहन हाकणाऱ्या व्यक्तीचा साधा उल्लेखही राहत नाही. आपल्या हातून घडलेले कार्य ट्रॉलीच्या नावे जमा व्हावे, हे आपणांसही रुचणारे नसावे, अशी उभ्या मोटारींच्या धारकांची समजूत असल्याने हा पत्रप्रपंच.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम १३४ अपघातानंतरची चालकाची कर्तव्ये सांगते आणि ती केवळ माणूस जखमी झाल्यावरच नव्हे, तर दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान झाल्यावरही लागू होतात. जागेवर पोलीस अधिकारी नसल्यास चालकाने जवळच्या ठाण्यात शक्य तितक्या लवकर, आणि कोणत्याही परिस्थितीत चोवीस तासांच्या आत, घडला प्रकार कळवावा, अशी तरतूद त्यात आहे. जखमीस वैद्यकीय मदत मिळवून देण्याच्या कर्तव्यापुरता कायद्याने जमावाच्या प्रक्षोभाचा अपवादही मान्य केला आहे, कारण अपघातानंतर चालकाला मारहाण होण्याची भीती आपल्या रस्त्यांवर काल्पनिक नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मधील दुसऱ्या पोटकलमाने, निष्काळजी वाहन चालवून मृत्यू घडवून खबर न देता पळून जाणाऱ्यास दहा वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद केली, तेव्हा जानेवारी २०२४ मध्ये मालवाहू चालकांनी देशभर चाके थांबवली, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या आणि १ जुलै २०२४ रोजी संहिता अमलात आली तेव्हा ते पोटकलम मात्र बाजूला ठेवण्यात आले. त्या आंदोलनामागची भीती समजण्यासारखी होती; परंतु वाटूर फाट्यावर रात्री दोनच्या सुमारास जमू शकणारा जमाव बंद हॉटेलासमोर झोपलेल्या दोन-चार कुत्र्यांपलीकडे जात नाही, आणि त्याचा प्रक्षोभ वाहन निघून गेल्यावरच सुरू होतो, ही बाब येथे नमूद करणे आवश्यक आहे.

कायद्याने आपल्या अज्ञात राहण्याचा विचार केलेला नाही, असेही नाही. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १६१ नुसार, वाजवी प्रयत्न करूनही ज्याची ओळख पटत नाही अशा वाहनाने माणसाचा जीव घेतल्यास वारसांना दोन लाख रुपये आणि गंभीर दुखापत केल्यास जखमीला पन्नास हजार रुपये यासाठी उभारलेल्या निधीतून मिळतात. जीव आणि हातपाय यांच्याबाबत आपली अनुपस्थिती अशी अंशतः भरून काढली गेली असली, तरी दरवाजा, बंपर आणि आरसा यांसाठी या योजनेत एक पैसाही नाही. तेथे आपण स्वतः प्रकट होणे हाच एकमेव उपाय उरतो, कारण फाट्यावरच्या दुकानातला कॅमेरा रात्री हेडलाइटच्या झोताने आंधळा होतो आणि ट्रॉलीच्या पाठीमागची क्रमांकपट्टी, मुळात असलीच तर, काळ्या मातीच्या चिखलाखाली असते.

आपण प्रकट न झाल्यास होणाऱ्या खर्चाची मांडणीही आपल्या माहितीसाठी उपयुक्त ठरेल. मोटारधारकाने स्वतःच्या नुकसानीचा विमा, म्हणजे स्वतःच्या वाहनाची दुरुस्ती भरून देणारा ऐच्छिक विमा, घेतलेला असला तरी १५०० घनसेंटीमीटरपर्यंतच्या इंजिनाच्या मोटारीसाठी पहिले एक हजार रुपये त्यालाच सोसावे लागतात. बंपर प्लास्टिकचा असल्याने त्याच्या किमतीतून घसारा, म्हणजे वापराने घटलेले मूल्य, म्हणून निम्मी रक्कम वजा होते. आणि दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत, जी पहिल्या वर्षानंतर वीस टक्के असते आणि पाच वर्षांनी पन्नास टक्क्यांवर पोहोचते, ती एका दाव्यासरशी शून्यावर येते. म्हणूनच बहुतेक शहाणे लोक हिशेब करून दावा करीत नाहीत, डेंटिंग-पेंटिंगवाल्याला रोख पैसे देतात, पोलीस ठाण्याची पायरी चढत नाहीत, आणि अशा रीतीने आपले कार्य कोणत्याही दप्तरात न येता दुसऱ्याच्या खिशातून पूर्ण होते. वर्षानुवर्षे जपलेली सवलत एका अनोळखी चालकाच्या वळणात गमावणारा धारक, आपल्या दृष्टीने, रीतसर गुंतवणूकदारच म्हणावा लागेल.

या साऱ्या प्रकरणातील खरी गंमत मात्र आपल्याच वाहनाच्या कागदपत्रांत आहे. अधिनियमाच्या कलम १४६ नुसार सार्वजनिक रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक वाहनास तृतीय पक्षाचा विमा, म्हणजे वाहनामुळे तिऱ्हाइताचे नुकसान झाल्यास ते भरून देणारा विमा, सक्तीचा आहे. अशा विमापत्रात मालमत्तेच्या नुकसानीची मर्यादा मोटारी व मालवाहू वाहनांसाठी सामान्यतः साडेसात लाख रुपये असते, आणि त्याखाली दिलेल्या भरपाईमुळे आपली दावा न केल्याची सवलत कमी होत नाही, कारण ती स्वतःच्या नुकसानीच्या भागाशी जोडलेली असते. थोडक्यात, ज्या बिलाच्या धास्तीने आपण दिवे मालवून निघून गेलात, त्याची तजवीज आपल्या मालकाने हप्ता भरला तेव्हाच झालेली होती. एका दरवाजासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापर्यंत, म्हणजे अशा भरपाया ठरवणाऱ्या विशेष न्यायमंचापर्यंत, जाणे कटकटीचे आहे हे मान्य करावे लागेल. पण चालक कोण हे माहीत असल्यास परतूर-मंठ्याकडची रीत त्याहून सोपी आहे, आणि फाट्यावर दोन जाणती माणसे बसवून चहा संपेपर्यंत रक्कम ठरते.

शिवाय, थांबला असता तर आपल्या बाजूनेही बोलण्यासारखे पुष्कळ होते. कलम १२२ हे रस्त्यावर इतरांना धोका वा अडथळा होईल अशा रीतीने वाहन उभे करण्यास मनाई करते. मोटारीचा मागचा भाग साइडपट्टीवरून डांबरावर आला होता, दुहेरी ट्रॉली वळताना तिचे शेपूट आतल्या बाजूला कापते, रस्ता रुंद झाला पण गावाला गाड्या लावायला जागा मिळाली नाही, असे मुद्दे आपण मांडू शकला असता, आणि योगदायी निष्काळजीपणाच्या, म्हणजे नुकसान सोसणाऱ्याचाही त्यात वाटा असल्याच्या, तत्त्वानुसार भरपाई कमीही झाली असती. पळून जाऊन आपण हा चांगला युक्तिवाद वाया घालवला आणि त्याच्या बदल्यात कलम १८७ खाली सहा महिन्यांपर्यंतचा कारावास किंवा पाच हजार रुपयांपर्यंतचा दंड किंवा दोन्ही, असा धोका पदरी बांधून घेतला. ट्रॉलीचा विमाच नव्हता, असे उत्तर असल्यास पळण्यामागचे तर्कशास्त्र उलगडते. फक्त मग पोचा हा आपल्या अडचणींपैकी सर्वांत स्वस्त अडचण ठरतो.

तरी महोदयांस विनंती की पुढील वेळी वायपरखाली एक चिठ्ठी ठेवावी. तीवर वाहनाचा क्रमांक आणि विमा कंपनीचे नाव असावे, क्षमायाचना नसली तरी चालेल.

आपले,
उभ्या मोटारींचे धारक,
वाटूर.

सोबत : पाचट, एक मूठ.
प्रत माहितीस्तव : आज रात्री फाट्यावर वळणारे सर्व चालक व त्यांचे मालक.