फुकट टेबलाची किंमत

अमेरिकेतील उपनगरी तळघरांत पूल, म्हणजे सहा खिशांच्या टेबलावर क्यू नावाच्या काठीने चेंडू टोलवण्याचा खेळ, काही काळ रंगतो, पुढे त्या टेबलावर धुतलेल्या कपड्यांचे ढीग साचतात आणि अखेर मालकाला औदार्याचा झटका येऊन 'न्याल तर फुकट' अशी जाहिरात झळकते. या औदार्याचे मर्म बनातीखाली, म्हणजे टेबलावर ताणलेल्या कापडाखाली, असते, कारण तेथे स्लेट, म्हणजे पाटीचा दगड, साधारणतः 1 इंच जाडीच्या 3 लाद्यांत बसवलेला असतो आणि 8 फुटी टेबलाची एकेक लादी 70 किलोंच्या आसपास भरते. रेल, म्हणजे रबरी गादीच्या कडा, सोडवून आणि बनातीचे स्टेपल उपटून लाद्या सुखरूप उतरवणारा कारागीर शेकडो डॉलर मागतो. तो खर्च वाचवण्यासाठी पिझ्झाच्या बोलीवर मित्र राबवले जातात, आणि लादीचा कोपरा जिन्यावर आपटला की मैत्रीही तपासून निघते. नव्या घरी सांध्यांत मेण भरून, पातळी साधून, नवी बनात ताणल्यावर असे ध्यानात येते की क्यू मागे खेचण्यासाठी चहूबाजूंनी लागणारी सुमारे 5 फुटांची मोकळी जागा खोलीत नाही. अर्थात, त्यासाठी आखूड क्यू बाजारात वेगळे विकत मिळतात.