प्रिव्ह्यूची खिडकी: जोडलेली आणि सुटी

डेस्कटॉप सॉफ्टवेअरमधली प्रिव्ह्यूची खिडकी कडेला चिकटवता येते किंवा ओढून सुटी करता येते. चिकटलेली खिडकी कामाची जागा खाते. सुटी झालेली नेमकी हव्या त्या बटणावर ठाण मांडते. तरी सुटी लागतेच. हिंगोली-वसमतकडच्या डीटीपीच्या दुकानात एका पडद्यावर लग्नपत्रिका जुळते आणि दुसऱ्यावर नवरदेवाचे मामा निमंत्रकांच्या यादीत स्वतःचे नाव शोधतात. सापडले की ते मोठ्या टायपात हवे असते.

ओढलेली खिडकी कुठे चिकटणार, हे माऊस सोडण्याआधी दिसले पाहिजे. व्हिज्युअल स्टुडिओ २००५ने त्यासाठी पडद्यावर बाणांच्या खुणा आणल्या. जिथे त्या नाहीत, तिथे कारभार अंदाजपंचे दाहोदर्से. शीर्षकपट्टीवर डबल क्लिक केले की सुटी खिडकी मूळ जागी परतावी. (हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून सुटा झाला, त्याला ही सोय ठेवलेली नाही.)

खरी फजिती दुसरा मॉनिटर काढल्यावर. प्रोग्रॅम जुनी जागा निष्ठेने लक्षात ठेवतो आणि नसलेल्या पडद्यावर खिडकी उघडतो. विंडोजमध्ये ऑल्ट आणि स्पेस, मग एम, मग बाणाची कळ दाबून ती माघारी आणता येते. कोरल ड्रॉ सुरू होताना एफ८ दाबून धरले तर सगळी मांडणीच पूर्ववत होते. वास्तविक सुरू होतानाच जोडलेले पडदे तपासून खिडकी आत घेणे हे प्रोग्रॅमचे काम. पण ते बहुधा ऑपरेटरकडे सोपवलेले असते, आणि तोवर मामा त्याच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिलेले असतात.