मागच्या वेळी कापलं होतं!

रविवारी सकाळी सलूनमध्ये नंबर लावून बसलं की देशाचं संरक्षण धोरण फुकटात कळतं. परवा बाकावर तिघे होते. पहिल्याने लाहोर घेतलं. दुसऱ्याला लाहोर पुरेना, तो इस्लामाबादेत शिरला. तिसरा अभ्यासू. तो म्हणाला, "बासष्टला संरक्षणमंत्री कृष्ण मेनननं घात केला. असल्या माणसाला निवडून तरी कोण देतं हो?"

आपणच देतो. म्हणजे आपली मुंबई. फेब्रुवारी १९६२, उत्तर मुंबई मतदारसंघ. समोर आचार्य कृपलानी. चीनच्या प्रश्नावरून मेनन यांच्यावर सतत तोफ डागणारे. तरी मेनन दणदणीत मताधिक्याने निवडून आले. ऑक्टोबरात चिनी फौजा उतरल्या, नोव्हेंबरात मेनन यांचं मंत्रिपद गेलं आणि हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला. यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले, हे आपल्याला तोंडपाठ. पण ज्या खुर्चीवर ते बसले, तिच्यावरच्या आधीच्या माणसाला खासदार कुणी केलं होतं, ते पान आपण चिकटवून टाकलंय. "माझं मत मेननना होतं" असं कबूल करणारे आजोबा मला अजून भेटायचेत.

त्या पराभवाची कारणं सांगणारा हेंडरसन ब्रुक्स अहवाल १९६३ मध्ये सरकारदरबारी पोचला. २०१४ मध्ये त्यातला काही भाग एका परदेशी पत्रकाराने उघड केला. सरकारी कुलूप मात्र जागच्या जागी. विरोधात असताना अहवाल मागायचा आणि सत्ता मिळाली की त्यावरच बैठक मारायची. आपल्याकडे राष्ट्रीय एकमत होत नाही, असं कोण म्हणतं?

कारगिलचा क्रम तर आणखी सोयीचा. जुलै १९९९ मध्ये युद्ध संपलं. सप्टेंबर-ऑक्टोबरात मतदान उरकलं. आणि घुसखोरीचा सुगावा वेळेत का लागला नाही, याची झाडाझडती घेणारा सुब्रह्मण्यम समितीचा अहवाल पुरा झाला डिसेंबरात. आधी निकाल, मग पेपर तपासणी!

पण मतदार वाटतो तितका भाबडा नाही. ज्यांच्या काळात कारगिल जिंकलं, त्या भाजपला १९९८ मध्ये १८२ जागा होत्या, कारगिलनंतरही १८२च. आणि महाराष्ट्राने तर त्या वर्षी लोकसभा-विधानसभेची मतं एकाच रांगेत उभं राहून दिली. दिल्लीसाठी ४८ पैकी २८ खासदार शिवसेना-भाजप युतीचे, मुंबईत मात्र युतीचंच सरकार घरी! बोटावर शाई एकच, हिशेब दोन. बाकावर छाती फुगवणारा माणूस पडद्याआड गेला की आधी आपल्या नळाचं पाणी आठवतो.

एवढ्यात लाहोरवाल्यांचा नंबर लागला. मान मागे गेली, फेस लागला, वस्तरा गळ्याशी आला. सलून एकदम शांत.

"काय साहेब, पुढं कुठवर गेलं सैन्य?" कारागिराने विचारलं.

साहेब ओठ न हलवता पुटपुटले, "हळू रे बाबा. मागच्या वेळी इथंच कापलं होतं."