वा, ताई, वा!

कवितेला घरात गिऱ्हाईक नसतं. बायकोनं नवी कविता ऐकवायला घेतली की नवरा कुकरच्या शिट्ट्या मोजत असतो आणि शेवटच्या कडव्याला, नेमका तिचा आवाज भरून येतो तिथे, ‘तीन झाल्या’ म्हणतो. नवरा कवी असला तर बायको सगळं ऐकून घेते, ‘छान आहे’ म्हणते आणि लगेच दळणाचा डबा त्याच्या हातात देते. मुलं जरा सभ्य. ‘आई, व्हॉट्सॲपवर टाक ना, वाचतो.’ टाकली की दोन निळ्या खुणा उमटतात आणि विषय तिथेच मिटतो.

म्हणून माणसं काव्यसमूहात येतात. मीही अशा एका समूहात आहे. नाव सांगत नाही. ‘शब्द’, ‘गंध’, ‘काव्य’ आणि ‘मंच’ यांतले कुठलेही दोन जोडलेत तर तुम्ही फार चुकणार नाही. सभासदांत निवृत्त शिक्षक सर्वांत जास्त, त्याखालोखाल बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्या ताई. एक एसटीचे कंडक्टर आहेत; मुक्कामाची गाडी असली की रात्री कुठल्यातरी गावच्या स्टँडवरून त्यांची कविता येते. एक अंगणवाडी सेविका, एक तलाठी, मस्कतला रात्रपाळी करणारे एक गृहस्थ. वयाचा नि हुद्द्याचा इथे काही संबंध नाही. बाई असेल तर ताई, पुरुष असेल तर सर, फारच जवळचा असेल तर दादा. सत्तरी उलटलेल्या आजींना नातवाच्या वयाचा इंजिनियर ‘ताई’ म्हणतो आणि आजींना ते आवडतं. निम्म्या कविता त्या एवढ्याचसाठी लिहीत असाव्यात, अशी माझी शंका आहे.

आठवड्याचं वेळापत्रक ठरलेलं. सोमवारी चित्रकाव्य, मंगळवारी अष्टाक्षरी, बुधवारी मुक्तछंद, गुरुवारी अभंग, शुक्रवारी हायकू, शनिवारी चारोळी. रविवारी विश्रांती, पण ती कुणी घेत नाही. त्या दिवशी जुन्या कविता नव्यानं टाकल्या जातात. रात्री आठनंतर आलेली रचना स्पर्धेत धरत नाहीत. दोन दिवसांनी निकाल: सर्वोत्कृष्ट, उत्कृष्ट, प्रथम, द्वितीय, तृतीय, लक्षवेधी, उत्तेजनार्थ. यात ‘प्रथम’चा नंबर तिसरा लागतो, हे नव्या माणसाच्या लक्षात यायला वेळ लागतो, आणि तोवर त्यानं नातेवाइकांना कळवून टाकलेलं असतं. मग ग्राफिक्स करणारे दादा सन्मानपत्र पाठवतात. कडेनं सोनेरी वेलबुट्टी, एका कोपऱ्यात मोरपीस आणि शाईची दौत, मध्ये कवयित्रीचा आधार कार्डावरून कापून घेतलेला फोटो. त्या फोटोत कुणाचाच चेहरा सर्वोत्कृष्ट दिसत नाही, पण पुढचे दोन दिवस तोच डीपी.

आता दाद. नुसतं ‘छान’ आलं तर समजावं, काहीतरी बिनसलंय. ‘खूप छान’ म्हणजे कविता वाचली. ‘अप्रतिम’ म्हणजे वाचली नाही, पण माणूस आपलं आहे. ‘निःशब्द’ म्हणजे स्वतःची कविता टाकायची घाई आहे. आणि गुलाब, जोडलेले हात, टाळ्या असं ओळीनं आलं तर ते प्रवासात, एका हातानं बसचा दांडा धरून दिलेलं आहे, हे आम्ही ओळखतो आणि त्याचं दुप्पट मोल धरतो.

हा सगळा आहेराचा व्यवहार आहे. लग्नात आलेल्या आहेराची वही घरातली एखादी मावशी जपून ठेवते. कुणी एकशे एक दिले, कुणी स्टीलचा डबा, कुणी नुसताच जेवून गेला. त्यांच्याकडचं कार्य निघालं की वही उघडते आणि आलेल्यात थोडी भर घालून आहेर परत जातो. समूहात वही नाही, पण कुणाच्या अभंगाला आपण काय म्हटलं आणि आपल्या अभंगाला त्यांनी काय, हे कुणी म्हणता कुणी विसरत नाही. मध्ये एक दादा गावच्या जत्रेला गेले होते. तिकडे रेंज नाही. परत आल्यावर त्यांनी कविता टाकली, तर खाली शुकशुकाट. दादा समजायचं ते समजले. रात्री जागून त्यांनी मागच्या चार दिवसांच्या एकूण एक कवितेला दाद दिली, प्रत्येकीला वेगळं विशेषण शोधून. सकाळी उठून बघतात तर त्यांच्या कवितेखाली ‘अप्रतिम’ची रांग.

शहाणी माणसं याला हसतात. उंटाच्या लग्नात गाढवं गायली आणि एकानं दुसऱ्याच्या रूपाचं, दुसऱ्यानं पहिल्याच्या आवाजाचं कौतुक केलं, ती संस्कृतातली जुनी चेष्टा कुणीतरी ऐकवतंच. हसावं. आम्हीही दुसऱ्या समूहांना हसतो. पण मराठी कवितेत हे आजचं नाही.

१९०७ साली जळगावात कविसंमेलन भरलं. भरवणारे नारायण नरसिंह फडणीस. हे गृहस्थ १८८७पासून ‘काव्यरत्नावली’ नावाचं मासिक चालवत होते आणि त्यात छापायची ती कविताच. नुसत्या कवितेवर मासिक, तेही पुण्या-मुंबईला न जाता जळगावातून. आमच्या समूह प्रशासकांचे हे थेट पूर्वज. संमेलनाचे अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. लष्करी वैद्यकीय सेवेतले डॉक्टर, वनस्पतींचे मोठे जाणकार. त्यांनी बसू नावाच्या सहलेखकाबरोबर लिहिलेला भारतीय औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ अभ्यासकांना आजही लागतो. कविता ही त्यांची हौस. तर या संमेलनात खानदेशातलाच त्र्यंबक बापूजी ठोंबरे नावाचा एक मुलगा उभा राहिला. वय विशीच्या बरंच अलीकडे. त्यानं कविता म्हटली आणि अध्यक्षांनी खूश होऊन त्याला ‘बालकवी’ ही पदवी देऊन टाकली. आज ठोंबरे हे आडनाव आपल्याला आठवावं लागतं, इतकी ती पदवी त्याला चिकटली. दिवसभर औषधी पाल्याचा नि रोग्यांचा विचार करणाऱ्या एका डॉक्टरानं उत्साहाच्या भरात दिलेलं ते सन्मानपत्रच होतं, फक्त त्यावर मोरपीस नव्हतं.

त्या संमेलनात आणखीही पुष्कळांनी कविता म्हटल्या असणार. त्यांनाही ‘वा’ मिळाली असणार, आणि ती मंडळी संध्याकाळी आनंदात जेवली असणार. त्यांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत. मला त्यांच्याबद्दल जास्त आपुलकी आहे.

पुढे १९२३मध्ये पुण्यात रविकिरण मंडळ निघालं. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे, मनोरमाबाई रानडे अशी मंडळी. एकत्र जमायचं, चहा घ्यायचा, एकमेकांच्या कविता ऐकायच्या आणि मिळून छापायच्या. कविता गाऊन दाखवण्याचीही त्यांनी चाल पाडली. एवढं प्रेमानं चाललेलं पाहून कुणाला तरी हसू येणारच. ते अत्र्यांना आलं. १९२५ साली ‘झेंडूची फुले’ निघालं आणि त्या काळच्या कवींच्या लकबींची अशी काही टर उडाली की विचारू नका. अत्र्यांच्या हाती आमचा समूह लागला असता तर दुसरा खंड काढावा लागला असता. पण एक गोष्ट हसण्याच्या नादात निसटते. त्या चहाच्या मंडळीत माधव जूलियन होते, आणि पुढे ‘छंदोरचना’ लिहून मराठी वृत्तांचा काटेकोर हिशेब मांडला तो त्यांनीच. म्हणजे वा वा करणाऱ्यांच्या मधोमध मात्रा मोजणारा एक माणूस कप घेऊन बसलेला होता.

आमच्याकडेही एक आहेत. सांगलीकडचे, हायस्कुलातून निवृत्त झालेले मराठीचे मास्तर. ते ‘अप्रतिम’ म्हणत नाहीत. बहुधा काहीच म्हणत नाहीत. मागच्या थंडीत सोमवारच्या चित्रकाव्याला चुलीपुढे बसलेल्या म्हातारीचं छायाचित्र आलं होतं, रचना अष्टाक्षरीत हवी होती. भराभर कविता आल्या. बहुतेकींत माय होती, सगळ्यांत धूर होता. अंगणवाडीच्या ताईंनी लिहिलं होतं:

चुलीपुढे माय बसे
डोळ्यांमध्ये धूर दिसे
तिच्या हातच्या भाकरीचा
वास अजून येतसे

दाद सुरू झाली. अप्रतिम, ताई. डोळे पाणावले, ताई. माझी आई आठवली, ताई. आणि मध्येच मास्तरांचा मजकूर: ‘ताई, तिसऱ्या ओळीत नऊ अक्षरं झाली. “तिच्या” काढा, “हातच्या त्या भाकरीचा” करा. भाकरी कुणाच्या हातची, ते पहिल्या ओळीत आलंच आहे.’

मग जे व्हायचं ते झालं. एक सर म्हणाले, भावना महत्त्वाची, अक्षरं काय मोजायची! एक ताई म्हणाल्या, सरांनी स्वतः कधी चूल फुंकली आहे का? मस्कतच्या दादांनी, रात्रपाळी करून आलेले असूनही, अश्रूंचा विषय अंकगणितात आणल्याबद्दल खेद व्यक्त केला. प्रशासकांनी जोडलेल्या हातांच्या तीन जोड्या टाकून समूहाचं वातावरण कौटुंबिक राहावं अशी विनंती केली. मास्तर गप्प. ते दिवसातून एकदाच बोलतात आणि तो कोटा संपला होता. अंगणवाडीच्या ताईही गप्प. आठाला पाच मिनिटं कमी असताना त्यांनी कविता पुन्हा टाकली. ‘तिच्या’ नव्हतं. खाली लगेच अप्रतिम, डोळे पाणावले, आई आठवली. माणसं तीच.

रात्री उशिरा ताईंनी मला वेगळं लिहिलं. ‘सर्वोत्कृष्ट मिळो न मिळो, माझी कविता कुणीतरी बोटावर मोजून वाचली हो!’

मोजून वाचणारा माणूस मिळणं हे फार भाग्याचं. सुरेश भट गझल लिहू पाहणाऱ्या नवख्या पोरांना ‘गझलेची बाराखडी’ देत आणि पत्रांतून त्यांच्या गझला दुरुस्त करून पाठवत. कुठल्यातरी तालुक्याच्या गावी बसलेल्या मुलाला दुरुस्त्यांनी भरलेला आपलाच कागद पोस्टानं परत मिळाला की त्याला कसलं सन्मानपत्र लागणार!

आणि ज्या अत्र्यांनी कवींची यथेच्छ खिल्ली उडवली, त्यांच्याकडेच सोपानदेव चौधरी आपल्या आईच्या कविता घेऊन गेले. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात, चुलीपुढे जे सुचे ते त्या म्हणत, आणि सोपानदेवांनी, घरातल्या माणसांनी ते उतरवून घेतलं. १९५१च्या डिसेंबरात बहिणाबाई गेल्या आणि १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ महाराष्ट्रापुढे आली. चेष्टेखोर माणूस भारावला की त्याच्या शब्दाला वजन येतं, हे त्या प्रस्तावनेत दिसतं. पण मला राहून राहून त्या घरातल्या लिहून घेणाऱ्यांचं वाटतं. त्यांनी दाद दिली ती कागद ओढून. ‘थांब आई, पुन्हा म्हण,’ यापेक्षा मोठी दाद कवीला कुठे मिळते? (बहिणाबाईंनाही तेव्हा चुलीवर काहीतरी करपायची धास्ती असेलच.)

सगळे काही समूहात नसतात. प्रत्यक्ष उभं राहून म्हणायची हौस असते त्यांच्यासाठी अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनात कविकट्टा असतो. सकाळी सुरू झालेला कट्टा रात्र झाली तरी हलत नाही. मुख्य मांडवात मान्यवरांचे परिसंवाद रिकाम्या खुर्च्यांपुढे चालू असले तरी इथे गर्दी. श्रोते म्हणजे नंबर न आलेले कवी. नंबर आलेला कवी दोन कविता म्हणतो, तिसरीला सूत्रसंचालक चिठ्ठी सरकवतो, मग तो प्रमाणपत्र घेऊन चहाला जातो. काही मात्र जात नाहीत. शेजारच्याशी ओळख झालेली असते, त्याचा नंबर व्हायचा असतो. मग एका अनोळखी माणसासाठी, त्यानं आपल्यासाठी टाळ्या वाजवल्या म्हणून, भुकेल्या पोटी तास-दोन तास बसून राहतात. परतीच्या गाडीत दोघांच्या फोनवर एकमेकांचे नंबर, आणि महिन्याभरात आणखी एक समूह.

आमच्या समूहात अलीकडे एक घडामोड झाली. जुन्या परीक्षक ताई मुलीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला गेल्या, वेळेचं गणित जमेना, तेव्हा प्रशासकांनी धाडस करून मास्तरांना परीक्षक नेमलं. पहिल्याच मंगळवारच्या अष्टाक्षरीचा त्यांनी निकाल दिला: सर्वोत्कृष्ट कुणीही नाही, उत्कृष्ट कुणीही नाही, प्रथम कंडक्टर दादा, बाकीच्यांनी अक्षरं मोजावीत. तासाभरात चौघांनी समूह सोडला. ग्राफिक्सवाल्या दादांनी तर आधीच तयार केलेल्या सात सन्मानपत्रांचं काय करू, असं जाहीर विचारलं. संध्याकाळपर्यंत सोडून गेलेल्या चौघांपैकी तिघं परत आले. चौथ्या ताई दुसऱ्या समूहात सर्वोत्कृष्ट ठरल्याचं कळलं. आम्ही सगळ्यांनी त्यांचं अभिनंदन केलं. कंडक्टर दादांनी आपलं एकुलतं एक ‘प्रथम’ स्टँडवरच्या झेरॉक्सवाल्याकडून रंगीत छापून घेतलंय आणि आता सगळा समूह मास्तरांना एकेकटा, वेगवेगळा लिहून विचारतोय, सर, जोडाक्षर एक धरायचं की दोन?