आमचं प्रोटीन

बेंगळुरूत पूर्वी माणसाला कंपनी विचारायचे, आता प्रोटीन विचारतात. लिफ्टमध्ये शेजारचा मुलगा मला आधी 'अंकल' म्हणाला आणि लगेच, "दिवसाचे किती ग्रॅम होतात तुमचे?" अंकल म्हटल्याचा राग मनात होताच, मी "नव्वद" ठोकून दिलं. तेव्हापासून आमच्या ओट्यावर वजनकाटा आहे. नुसता चहा प्यायला आलेल्या पाहुण्यालाही मी राष्ट्रीय पोषण संस्थेची शिफारस ऐकवतो: निरोगी माणसाला वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं पुरेत. या हिशेबाने माझे पासष्टसुद्धा होत नाहीत. पण नव्वद सांगून बसलेल्या माणसाने खाली कसं यायचं?

त्यात या गावात पौष्टिक म्हणजे रागी, आपली नाचणी. शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम; तांदूळ तिच्या पासंगालाही पुरत नाही. आणि रागी म्हटलं की मुद्दे आलं. (विषय बाजूला पडतोय, पडू द्या.) तपकिरी, तुकतुकीत, वाफाळता गोळा. बोटांनी तुकडा तोडायचा, सारूत बुडवायचा आणि गिळायचा. चावायचा नाही! 'एक घास बत्तीस वेळा' ऐकत वाढलेला मी. मिलिटरी हॉटेलात, म्हणजे इथल्या मांसाहारी खानावळीत, पहिलाच तुकडा शास्त्रशुद्ध चावायला गेलो आणि वरची दाढ खालच्या दाढेला चिकटून बसली. समोरचे गौडा कळवळले, "अगीबेडी सर, नुंगी!" म्हणजे चावू नका, गिळा. गिळला. म्हैसूर पॅसेंजरसारखा तो प्रत्येक स्टेशन घेत खाली उतरला. तोवर गौडांचे दोन गोळे संपले होते आणि ते माझ्याकडे करुणेने बघत होते. शेतात राबणाऱ्याला संध्याकाळपर्यंत पुरावं असं हे अन्न. मी ते खाऊन एसीत जाऊन बसलो आणि घोरलो. मंड्याच्या कृषिशास्त्रज्ञ लक्ष्मणय्यांनी भारतीय आणि आफ्रिकी नाचणीचा संकर करून भरघोस पिकणाऱ्या 'इंडाफ' जाती काढल्या. लोक त्यांना रागी लक्ष्मणय्याच म्हणू लागले. त्यांच्या कष्टांचं फळ मी आता बिस्किटांतून खातो. पुडक्यावर नाचणीचं चित्र मोठं, मागे घटकांच्या यादीत पहिला मैदा.

पण माझा हुकमी एक्का वेगळा आहे. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कुणी प्रोटीन पावडरचं नाव काढलं की मी घसा खाकरतो. "डाळींतल्या प्रथिनांचा अभ्यास याच गावात कुणी केला? आपल्या कमला सोहोनींनी!" 'आपल्या'वर एवढा जोर, की ऐकणाऱ्याला वाटावं, परीक्षानळी मीच धरली होती.

पुढची गोष्ट मात्र मी सहसा सांगत नाही, कारण ती सांगताना आवाज चढतो. कमलाबाई, तेव्हाच्या कमला भागवत, १९३३ साली इथल्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या आयआयएससीत, आल्या. वडील आणि काका तिथेच शिकलेले, मुंबईची पदवी हातात. संचालक सी. व्ही. रामन यांनी प्रवेश नाकारला. कारण एकच, अर्जदार मुलगी होती. त्या हटल्या नाहीत. शेवटी एक वर्ष काम पाहू, या अटीवर घेतलं. श्रीनिवासय्यांच्या हाताखाली त्यांनी दूध आणि डाळी तपासल्या, १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवली, आणि पुढे मुंबईत नीरेवर काम केलं, ते कुपोषित आदिवासी मुलांना आणि गरोदर बायांना तिचा उपयोग व्हावा म्हणून. नोबेल मिळवलेल्या माणसाला एवढं साधं दिसू नये, याचा मला अजून संताप येतो.

संताप रामन यांच्यावर काढणं सोपं. आमच्याकडे स्वयंपाकाला यादगीरकडच्या अक्का येतात. माझं पनीर त्या काट्यावर इमानाने तोलतात. एकदा बायकोने विचारलं, "अक्का, सकाळी काय खाल्लंत?" "चहा." चार घरं उरकून तीनला घरी जायचं, आधी मुलांना वाढायचं, मग उरलेला भात आणि सारू. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय आढळला. हा आकडा मला तोंडपाठ होता; अक्कांना काही विचारायचं मात्र बायकोला सुचलं.

तुमच्याकडे पोळ्या करणाऱ्या बाईंनी आज सकाळी काय खाल्लं, ते विचारा. ग्रॅम राहू द्या. 'चहा' असं उत्तर आलं, तर आधी त्यांना वाढा.