पूल होईपर्यंत जेटी

बॅरिस्टर अंतुले १९८० साली मुख्यमंत्री झाले आणि कोकणाच्या नशिबात रेवस ते रेडी सागरी महामार्ग लिहिला गेला. लिहिलाच गेला. त्यानंतर सरकारं आली, पडली, फुटली, सांधली गेली. दाभोळ, जयगड, बाणकोट या मोठ्या खाड्यांवरचे पूल फायलीतून काही उतरेनात. बाणकोटच्या खाडीत तर काम सुरू झालं आणि रखडलं. सरकारी काम दिसत नाही म्हणणाऱ्यांनी तिथले खांब बघून यावेत.

दाभोळकरांनी वाट पाहिली नाही. २००३ साली दाभोळ ते धोपावे फेरीबोट सुरू झाली, तीही खासगी कंपनीची. दापोलीहून गुहागरला जायचं तर खेड-चिपळूणचा वळसा ठरलेला; तो सुटला आणि मोटार वाशिष्ठीच्या खाडीपलीकडे काही मिनिटांत जाऊ लागली. पुढे वेसवी-बागमांडला, तवसाळ-जयगड, दिघी-आगरदांडा अशा जेट्या निघाल्या. लोक या बोटीला ‘जंगलजेटी’ म्हणतात. जंगल कुठलं, ते विचारू नका.

दाभोळचं नाव जगात गाजलं ते एन्रॉन कंपनीच्या वीजप्रकल्पामुळे. कारखाना खाडीपलीकडे अंजनवेलला, नाव मात्र दाभोळचं. अब्जावधी डॉलरचा तो प्रकल्प १९९९ साली वीज देऊ लागला आणि २००१ साली बंद पडला. त्यावर पुस्तकं निघाली, खटले झाले, मंत्रिमंडळं हलली. दोनच वर्षांनी त्याच्याच पायथ्याशी एक सपाट लोखंडी तराफा सुरू झाला. तो अजून चालतोय. त्यावर कोणी पुस्तक लिहिलेलं नाही, कारण त्यात कोणाचे पैसे बुडाले नाहीत.

चालतोय कसा, तेही बघण्यासारखं आहे. फळी खाडकन धक्क्यावर पडते. शिट्टी तोंडात धरलेला खलाशी पुण्याच्या नव्याकोऱ्या गाडीला हातानेच ‘अजून, अजून’ करतो. मालक काचेतून डोकं काढून ‘अहो, घासेल!’ ओरडतो, खलाशी त्याच्याकडे बघतही नाही. आरसे मिटवायला लावून आंब्याच्या टेम्पोशेजारी वीतभर जागेत गाडी बसवतो. गाड्या उभ्या करण्याचं हे शास्त्र एखाद्या महापालिकेने शिकून घ्यायला हरकत नाही.

२०२० साली मुंबई-मांडवा रो-रो सुरू झाली तेव्हा मोटार समुद्रावरून नेता येते, असा साक्षात्कार शहराला झाला. दाभोळात तो होऊन सतरा वर्षं झाली होती. पण दाभोळला कॅमेरे पोचायला रस्ता धड नाही.

आता पुन्हा पुलांच्या निविदांची आणि भूमिपूजनांची भाषा सुरू आहे. आनंद आहे. फक्त मान्यवरांना एक विनंती : समारंभ पलीकडच्या तीरावर असेल तर ताफा शनिवार-रविवारी काढू नका. पर्यटकांच्या गाड्यांची रांग लांबवर जाते, आणि तिकिटाच्या खिडकीवर ‘मी कोण आहे माहीत आहे का’ याला सूट मिळत नाही.