कोच की पोरं? नगरच्या तज्ज्ञ मंडळींस अनावृत पत्र

कॉलेजच्या गेटासमोरच्या टपरीवरील समस्त फुटबॉल-तज्ज्ञ मंडळींस,



आपला संघ यंदाही झोनलच्या पहिल्याच सामन्यात बाद झाला. चार-शून्य. सांत्वनाला यावं, तर आपण भलतेच रंगात आलेले. शहरात उड्डाणपूल झाला, अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, पण आपले दोन पक्ष आणि त्यांच्या भूमिका जागच्या हलल्या नाहीत. एक पक्ष 'कोच बदला'वाला, दुसरा 'पोरांतच दम नाही'वाला. पराभव किती गोलांचा, हे या वादात गौणच असतं. संघ जिंकला तर आपण बोलणार तरी काय, ही काळजी मला अधूनमधून वाटते. पण पोरं समंजस आहेत, ती वेळ येऊ देत नाहीत.

दोन्ही बाजूंचे पुरावे मी वर्षानुवर्षं ऐकतो आहे. दम-पक्षाचा हुकमाचा एक्का म्हणजे झहीर खान. श्रीरामपूरचा पोरगा 2011च्या विश्वचषकात 21 बळी घेतो, त्याला कुणी शिकवलं होतं? अंगातच असावं लागतं, राव! एवढं बोलून हा पक्ष भजी उचलतो. तेवढ्यात कोच-पक्ष तोच झहीर आपल्याकडे ओढतो. श्रीरामपुरातच राहिला असता, तर इंजिनिअर झाला असता. मुंबईत सुधीर नाईकांच्या नजरेत भरला, मग चेन्नईत एमआरएफच्या पेस फाउंडेशनमध्ये टी. ए. शेखर आणि डेनिस लिलींनी घासून घेतला, म्हणून झहीर झाला. साक्षीदार एकच, साक्षी दोन. अजिंक्य रहाणेच्या वाटेला मात्र कुणी जात नाही. जन्मगाव आश्वी खुर्द आपलं खरं, पण क्रिकेट डोंबिवलीत शिकलेलं. त्याच्यावर हक्क सांगावा तर ठाणे जिल्हा मध्ये येतो.

फुटबॉल कॉलेजचा आणि दाखले क्रिकेटचे, हा आपल्या अभ्यासाचा आवाका. पण 2025च्या ऑगस्टमध्ये खालिद जमील भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले आणि कोच-पक्षाला अखेर फुटबॉलमधला देव सापडला. ऐझॉल एफसी हा 2016 साली आय-लीगमधून खाली घसरलेला संघ. गोव्याचे क्लब बाहेर पडले म्हणून त्याला परत आत घेतलं, जमील कोच झाले आणि 30 एप्रिल 2017 रोजी हाच संघ विजेता ठरला. झाला की नाही चमत्कार? दम-पक्षाचं उत्तर तयारच होतं: हेच जमील त्याआधी सात वर्षं मुंबई एफसीकडे होते, तिथं का नाही झाला? मिझोरामची पोरं हाताशी आली, म्हणून झाला. मला विचाराल तर दोघांचंही खरं आहे. फक्त दोघांनीही एक गोष्ट वगळली. मिझोराममध्ये 2012 पासून स्वतःची प्रीमियर लीग होती आणि तिचे सामने लोकल केबलवर घरोघरी दिसत होते. पोरं एका आठवड्यात हरत आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा उतरत. 2014 साली मिझोरामनं संतोष करंडक जिंकला, तेव्हा जमील मुंबईतच होते.

आता आपल्या मोसमाकडे येऊ. मोसम म्हणतो आहे, कारण पत्रात दुसरा शब्द शोभणार नाही.

पुणे विद्यापीठाच्या खेळात आपला विभाग नगरचा. आधी विभागाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, त्यातून विभागाचा संघ, मग आंतरविभागीय, मग विद्यापीठाचा संघ आणि पश्चिम विभाग. शिडी लांब आहे; आपण पहिल्या पायरीला पाय लावून परत येतो. 16 संघांची बादफेरी धरा. पहिल्या फेरीतच 8 संघ घरी, म्हणजे निम्म्या कॉलेजांचा वर्षभराचा फुटबॉल एका सामन्यात आटोपला. पूर्ण 90 मिनिटं खेळवली, तरी दीड तास झाला. त्या दीड तासावर आपण वर्षभर चहा पितो.

आपला जिल्हा साखरेचा. विठ्ठलराव विखे पाटलांनी प्रवरेकाठी कारखाना उभा केला, तेव्हापासून साखरेचा उतारा घसरला की दोष उसाचा की कारखान्याचा, हे भांडण आपल्या अंगवळणी पडलेलं आहे. पण तिथं गाळप महिनोन्‌महिने चालतं, रोजच्या उताऱ्याचा हिशेब लागतो. एक बैलगाडी ऊस टाकून, अर्धा तास मिल फिरवून कुणी वाणावर किंवा यंत्रावर निकाल दिला असता, तर सभासदांनी त्यालाच गव्हाणीत टाकलं असतं. फुटबॉलमध्ये मात्र त्याला तज्ज्ञ म्हणतात.

सामन्याला आपल्यापैकी फार जण दिसले नाहीत. सकाळी आठचा होता, टपरी उघडायची होती, समजू शकतो. म्हणून थोडा वृत्तांत देतो. मैदानाच्या मधोमध क्रिकेटची सिमेंटची पट्टी. पावसाळा नुकताच सरलेला, त्यामुळे कडेला कुसळं; थ्रो-इन घ्यायला गेलेला पोरगा मोजे झाडतच परत यायचा. फक्की एका बाजूनं संपली, म्हणून पेनल्टी बॉक्सची चौथी रेघ पंचांनी मनातच आखली. पन्नासाव्या मिनिटाला बदली खेळाडू उतरवायचा होता. चौथ्या पंचानं हात वर केला, पण खेळ काही सुरू होईना. बाहेर येणाऱ्या पोराच्या पायातले बूट आत जाणाऱ्याला घालायचे होते आणि नाडीला निरगाठ बसली होती. दोघं रेषेवर बसून दातांनी ती गाठ सोडवत होते. या बदलाला आपण टपरीवर 'चुकीचं टायमिंग' म्हणालात.

ज्यांना आपण कोच म्हणता, त्या सरांचा खेळ खो-खो. नेमणूक शारीरिक शिक्षण संचालकाची. म्हणजे कबड्डी, क्रॉस कंट्री, बुद्धिबळ, योगासनं आणि फुटबॉल, सगळ्यांचे गुरू तेच. शिवाय परीक्षेचं पर्यवेक्षण आणि नॅकची फाइल. संघाची नोटीस फळ्यावर लागली ती स्पर्धेच्या आठ दिवस आधी. त्यातले बरेचसे दिवस पात्रता अर्ज, फोटो, गुणपत्रक आणि प्राचार्यांची सही यात गेले. उरलेल्या वेळात सरांनी पोरांना पळवलं आणि 'पास द्या रे' असं सांगितलं. सल्ला चुकीचा होता, असं कुणी म्हणू शकणार नाही. या माणसाची 'टॅक्टिक्स जुनी झाली' ही आपली टीका मी त्यांच्यापर्यंत पोचवली. ते बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले, मग म्हणाले, "कुठली?"

आणि पोरांचं म्हणाल तर आपला स्ट्रायकर भिंगारचा. लष्कराच्या मैदानाकडेला उभं राहून खेळ पाहत वाढलेला, डावा पाय असा की चेंडू त्याला ओळखतो. सामन्याच्या आदल्या रात्री तो एमआयडीसीत रात्रपाळीला होता. सकाळी सातला सुटला, वडापाव खाल्ला आणि थेट मैदानात आला. पूर्वार्धात दोन सोपे गोल त्यानं बाहेर मारले. दम-पक्षानं त्याची नोंद 'आळशी' अशी केली आहे.

आता जरा परदेश. आइसलँड हा देश लोकसंख्येनं आपल्या शहराएवढा. 2011च्या जनगणनेत नगर महापालिकेत साडेतीन लाख माणसं होती, आइसलँडमध्ये 2016 साली सव्वातीन लाखांच्या आसपास. त्या वर्षी युरो स्पर्धेत त्यांनी इंग्लंडला 2-1 असं हरवून घरी पाठवलं. दोन प्रशिक्षकांपैकी एक, हैमिर हॉलग्रिमसन, पेशानं दंतवैद्य. कोच-पक्षानं लगेच नगरचे दंतवैद्य मोजायला घेऊ नयेत. तिथं 2000 नंतर बर्फातही खेळता यावं म्हणून बंदिस्त मैदानं उभी राहिली होती, लहान पोरांनाही परवानाधारक प्रशिक्षक मिळत होते आणि वर्षभर सामने होत होते. या दंतवैद्याची आणखी एक सवय आपल्याला भावेल. घरच्या सामन्याआधी तो चाहत्यांच्या अड्ड्यावर जाऊन संघ आणि डावपेच त्यांना आधीच सांगायचा, आणि ते बाहेर फुटायचे नाहीत. आपल्या टपरीवर सरांनी नावं वाचली असती, तर दुसऱ्या चहाच्या आत ती राहुरी ओलांडून गेली असती.

तेव्हा विनंती एवढीच की वाद थांबवू नका. वाद हा आपला एकमेव नियमित सराव आहे. फक्त त्याला थोडा कच्चा माल मिळू द्या. शहरातली सहा कॉलेजं घ्या, प्रत्येकाशी दोनदा खेळा. प्रत्येक संघाला दहा सामने मिळतात, एकूण तीस होतात. कोल्हापुरात तालमींचे संघ दरवर्षी लीग खेळतात, भांडतात, पेठापेठांत अबोला धरतात आणि पुढच्या मोसमात पुन्हा शाहू स्टेडियमवर जमतात. 2017च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव त्याच गावचा. तो पुढे पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत तयार झाला, तेव्हा त्याच्यावरूनही आपल्याला दोन्ही बाजूंनी भांडता येईल.

कामं वाटून देतो. कोच-पक्षानं पंचांची सोय करावी. ऑफसाइड कशाला म्हणतात हे त्या निमित्तानं पक्षात एकदा ठरून जाईल. दम-पक्षानं फक्की, दोन जाळ्या आणि नऊ नंबरच्या बुटांचे दोन जोड आणावेत. मैदानासाठी प्राचार्यांकडे मी जातो. मात्र लग्नसराईच्या तारखा आधी कळवा, मैदानावरचा मांडव हलत नाही. दहा सामने झाल्यावरही आपण तळाला असलो, तर मी स्वतः टपरीवर येईन आणि कोच की पोरं, यावर जाहीर मत देईन.

कळावे, लोभ आहेच.

आपला,
रेषेबाहेरचा एक

ता. क. सामने रविवारी दुपारी चारनंतर ठेवावेत. स्ट्रायकरची शनिवारी रात्रपाळी असते.